‘जातीचा नव्हे, जमिनीचा वाद’ : खैरलांजीनंतर अर्थशास्त्र काय सांगते?

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हे बौद्ध कुटुंब भूमिहीन नव्हते. स्वतःची शेती होती, मुलगी शिकत होती, शेतातून जाणाऱ्या वाटेवरून वाद होता. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आरोपींना हत्येसाठी दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो लावला नाही. तेव्हापासून आपण एकच वाक्य ऐकत आलो आहोत : हा जातीचा नव्हे, जमिनीचा वाद होता.

जात आणि जमीन अशा वेगळ्या काढता येतात का? गेल्या काही वर्षांतील अर्थशास्त्रीय संशोधन याबद्दल काय सांगते, ते आपण समजून घेऊ.

गुन्हे आणि खर्चातील दरी

स्मृती शर्मा यांनी २००१ ते २०१० या काळातील जिल्हानिहाय गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अनुसूचित जाती-जमाती आणि वरच्या जाती यांच्या घरखर्चातील दरी जिथे वाढली, तिथे अत्याचाराचे गुन्हे कमी झाले. दरी घटली तिथे वाढले. यामागे आपल्या स्थितीपेक्षा वरच्या जातींच्या आर्थिक स्थितीतला बदल अधिक असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे अत्याचार केवळ गरिबीतून होत नाहीत. बरोबरी होऊ लागली की तीही खुपते. हा अभ्यास खैरलांजीचा निवाडा करत नाही, पण ‘पैसा आला की जात जाते’ हा समज मात्र मोडतो.

पाण्याची पाळी

धान पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाण्याचे मोल सांगायला नको. सिवान अँडरसन यांनी उत्तर प्रदेश आणि बिहारमधील गावांचा अभ्यास केला (२०११). विहीर-बोअरचे पाणी विकत घेणाऱ्या खालच्या मानलेल्या जातींच्या शेतकऱ्यांचे उत्पादन, पाणी विकणारा त्याच जातीचा असेल तर, ४५ टक्के जास्त निघाले. बाकी सारे सारखेच. फरक पाणी कोणाकडून घ्यायचे याचा. बाजार जात पाहत नाही म्हणतात. इथे तर पाण्याचा व्यवहारच जातीपाशी अडला.

अर्जावरचे आडनाव

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वृत्तपत्रातील जाहिराती पाहून खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा ठेवला (२००७). दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी.

वर्गात जात पुकारली की

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले इतरांइतकीच पुढे होती. सर्वांसमोर जात सांगितली आणि ती मागे पडली. बुद्धी तीच होती. न्याय मिळेल हा विश्वास डळमळला होता.

चारही अभ्यास वेगवेगळ्या शाखांतले आहेत, पण ते एकच गोष्ट दाखवतात : जमीन, पाणी, नोकरी आणि मन या साऱ्यांतून जात काम करते. म्हणून ‘जमिनीचा वाद’ म्हटल्याने जात बाजूला होत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला होता. १९५४ साली ते याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांचा पुतळा आपण गावोगावी उभारला, त्यांचे अर्थशास्त्र मात्र फार थोड्यांनी हाती घेतले. आपल्या मुलामुलींनी हा विषय निवडावा. कार्यकर्त्यांनी गावातील मामा तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जाते, पांदण कोणासाठी अडते, तक्रारीत कोणते कलम लागते, याची तारखेसह नोंद ठेवावी. पुढच्या वेळी कोणी ‘जातीचा वाद नव्हता’ म्हणाले, तर आपल्या हाती दुःखासोबत पुरावाही असला पाहिजे.

जय भीम!