गाडी जुनी, जॅक कुठला?

जुन्या मोटारींचे शौकीन इंजिनाचा नंबर तोंडपाठ सांगतात, रंगाची छटा कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून पाहतात. डिकी उघडायची वेळ आली की मात्र विषय बदलतात. तिथे स्टेपनीशेजारी बहुधा ट्रकचा, नाहीतर अँबॅसेडरचा जॅक पडलेला असतो. कारखान्यातून गाडीसोबत निघालेला जॅक कधीच कुठल्या तरी गॅरेजात राहून गेलेला. तो पुन्हा मिळवायचा तर आधी ओळखता यायला हवा. बहुतेक जण सुरुवातीलाच चुकतात: जॅकवर कंपनीचं नाव शोधतात.

नावाने काम भागत नाही, कारण मोटार कंपन्या जॅक सहसा बाहेरून घेत. अमेरिकेत रेसीनची वॉकर, सेंट जोसेफची ऑटो स्पेशालिटीज ऊर्फ ऑस्को, इंग्लंडात बर्मिंगहॅमची शेली, ब्रेनट्रीची लेक अँड एलियट, जर्मनीत बिलस्टाईन. बिलस्टाईनचा ठसा फोक्सवॅगन बीटलच्या जॅकवर सापडतो तसा पोर्शे ३५६ च्याही. म्हणजे ठसा बनवणाऱ्याचा पत्ता सांगतो, गाडीचा नाही.

म्हणून सुरुवात गाडीपासून करावी. ती उचलायची कुठून?

१९३० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल होता. जॅक थेट त्याखाली सरकवायचा: ओतीव लोखंडाचा, बुटका, मधोमध स्क्रू, आणि गाडीखाली झोपावं लागू नये म्हणून लांब दांडा. इथे खरी कसोटी उंचीची. पंक्चर झाल्यावर अ‍ॅक्सल खाली येतो. त्या फटीत जॅक शिरला पाहिजे आणि हवा भरलेली स्टेपनी बसेल इतका वरही गेला पाहिजे. फोर्ड मॉडेल ए घ्या. १९२८-२९ मध्ये तिची चाकं २१ इंची होती, १९३० पासून १९ इंची झाली, आणि अ‍ॅक्सल त्या मानाने खाली आला. त्यामुळे ‘जुना फोर्ड जॅक’ म्हणून विकायला आलेला नग घेण्याआधी पट्टी लावून मोजावा. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्यावा.

पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं (जनरल मोटर्सने १९३४ मध्ये आणलं) आणि पुढचा अखंड अ‍ॅक्सल मागे पडू लागला. जॅकला नवी जागा शोधावी लागली. युद्धानंतरच्या अमेरिकन गाड्यांनी बंपर धरला: पाया, दातेरी खांब आणि त्यावर चढणारा आकडा. हे तीन भाग सुटे असल्याने भंगारात त्यांची सर्रास अदलाबदल होते. माझ्या मते पाया आणि खांबाचा फार विचार करू नये. बंपरच्या घडणीशी जुळतो तो आकडा, ओळख त्यातच आहे. बीटलला दोन्ही बाजूंना, मागच्या चाकाच्या पुढे, चौकोनी नळी आहे. जॅकचा हात त्यात घट्ट बसला तर बसला.

काही गाड्या या शोधाची थट्टाच करतात. एमजीच्या वाय टाइपमध्ये (१९४७-५३) ‘जॅकऑल’ ही हायड्रॉलिक यंत्रणा चेसिसलाच जोडलेली होती. बॉनेटखालचा पंप मारला की पुढची, मागची किंवा चारही चाकं उचलली जात. अशा गाडीसोबत कोणी ‘ओरिजिनल’ हातजॅक दाखवला, तर आधी खाली वाकून पाहावं. सिट्रोएन डीएसची तर्‍हा आणखी न्यारी: सस्पेन्शननेच गाडी पूर्ण वर करायची, बाजूला एक टेकू लावायचा, मग सस्पेन्शन खाली सोडलं की त्या बाजूची चाकं आपोआप वर येतात. टूलकिटमध्ये जॅक नाहीच, नुसता टेकू. अजाण माणूस तोच भंगारात घालतो.

आपल्याकडे गोंधळ जास्त, त्यालाही कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज-प्लिमथ जोडल्या. १९५० च्या दशकात परदेशी गाड्यांचा रस्ता बंद झाला आणि सुटे भाग दुर्मीळ झाले. मेस्त्रींनी हाताला लागेल त्या जॅकवर काम भागवलं. त्यात त्यांचा दोष नाही. पण म्हणूनच ‘ही गाडी पन्नास वर्षं आमच्याच घरात आहे’ हा जॅक मूळचा असल्याचा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे त्या वर्षाची पार्ट्स बुक, हँडबुकातलं चित्र आणि डिकीतली क्लिप किंवा पट्टा. क्लिपने जिथे जॅकचा रंग घासला असेल, ती जागा छापील कागदाइतकीच बोलकी. नवी नक्कल यात सापडते: अक्षरं नको तितकी धारदार, रंग सगळीकडे सारखा, दांड्याच्या टोकाला झीज नाही.

इंग्लंडात ब्यूलीचा आणि अमेरिकेत हर्शीचा बाजार अशा सुट्या मालासाठी प्रसिद्ध आहे; चोरबाजारातही नशीब काढता येतं. सापडलेला जॅक टूलकिटमध्ये मिरवावा, गाडीखाली शिरताना मात्र नवे स्टँडच लावावेत. आणि एक विनंती: हाती येताच त्याला सँडब्लास्ट करून काळा रंग फासू नका. आधी घासलेटच्या फडक्याने पुसून चारही बाजूंचे फोटो काढा. तारखेचा बारीक ठसा असेल, तर तो त्या गंजाखालीच आहे.