तुटण्याआधी बोलणारी तार

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात, क्लाउस्थालच्या खाणींतून खनिज वर काढायला पूर्वी वाखाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. दोर कुजत, साखळ्या अचानक तुटत. विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने साखळ्यांना पुन्हापुन्हा ताण देऊन पाहिला आणि त्याला कळले, की साखळीने आज पेललेला बोजा ती हजार खेपांनंतरही पेलेल असे नाही. 1834 साली त्याने लोखंडी तारांचा दोर वळला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. साखळीची एक कडी गेली की सगळा बोजा खाली येतो. तारेच्या दोरात मात्र आधी एक तार तुटते, मग दुसरी, आणि तुटलेली टोके बाहेर डोकावू लागतात. बघणारा असेल तर दोर त्याला वेळेवर सांगतो. आल्बर्टची खरी देणगी मला ताकदीपेक्षा ही वाटते.

हे सांगणे ऐकायचे कसे, याचे नियम व्हायला पुढची शंभर वर्षे गेली. मुंबईत ससून डॉक 1875 साली झाला, प्रिन्सेस डॉक 1880 साली. गोदी कामगारांसाठी कायदा झाला 1934 साली, आणि तो अमलात यायला 1948 उजाडले. त्यामागे होता आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1932 चा करार. तो आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात यारीखाली उभ्या राहिलेल्या माणसाचा अनुभव उतरला आहे. याच वळणाच्या गोदी-नियमांत दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त झाल्या, की तो दोर बाद. दर तीन महिन्यांनी तपासणी, पण एक जरी तार तुटली तरी त्यानंतर दर महिन्याला. साखळी आखूड करायला गाठ मारायची नाही. दोराच्या टोकाला फासा (डोळा) गुंफताना पूर्ण पेडाचे तीन वेढे आणि निम्म्या तारा कापून आणखी दोन.

1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 29 याच वळणाचे होते. उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची, दोरांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, आणि सुरक्षित बोजा साधनावरच लिहिलेला. ही ‘सक्षम व्यक्ती’ कोण, याची व्याख्या कायद्यात आली 1987 साली, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर.

जोडणीचे शहाणपण मात्र कायद्यापेक्षा खलाशांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दोराचे वळवलेले टोक पकडणाऱ्या बुलडॉग क्लिपचा खोगिरासारखा भाग बोजा घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट बसवली तर यू-बोल्ट बोजाच्याच दोरात रुतून त्याला चेपतो. पहिला बोजा घेतल्यावर नट पुन्हा आवळायचे, कारण ताणाने दोर बारीक होतो. बोजा लटकवणाऱ्या स्लिंगच्या दोन पायांतला कोन 120 अंश झाला, तर प्रत्येक पायावर अख्खा बोजा येतो. हे गणित न शिकलेला मुकादमही पाय फाकलेले दिसताच ‘आरिया’ म्हणून बोजा खाली घ्यायला लावतो. त्या नजरेपुढे मी कोणतेही प्रमाणपत्र दुय्यम मानतो.

1989 साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले, कंटेनर आले, आणि गोदीतले स्लिंगचे काम घटत गेले. बाकीच्या ठिकाणी तारेची जागा हळूहळू पॉलिस्टरच्या स्लिंगांनी घेतली. जांभळी एक टनाची, हिरवी दोन, पिवळी तीन. हलक्या, हात न कापणाऱ्या, चांगल्याच. पण गोल स्लिंगचे बोजा घेणारे धागे कापडी आवरणाआड असतात, ते तारेसारखे बोलत नाहीत. आवरण फाटले वा लेबल गेले, की ती बाजूलाच काढावी लागते.

गेल्या काही वर्षांतले मोठे आघात मात्र दोरापाशी थांबत नाहीत. 1 ऑगस्ट 2020 रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये 70 टनी क्रेन चाचणीच्या वेळीच कोसळली आणि 11 जण गेले. तीन वर्षांनी, 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 यांच्या मधल्या रात्री, शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे भाग उचलून बसवणारा गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जण गेले. दोन्ही ठिकाणी उचलणारे यंत्रच खाली आले. लाँचर एका खांबावरून पुढच्या खांबावर सरकतो, तेव्हा दर खेपेला त्याचे आधार, बोल्ट आणि समतोल नव्याने जुळवावे लागतात. म्हणजे तो कामाच्या काळात कित्येकदा नव्याने उभा राहतो. बोल्ट ढिला असला तर तुटकी तार दिसते तसे काही दिसत नाही, आणि वर्षातून एकदा होणारी तपासणी या सरकण्यांच्या मधल्या काळात काहीच पाहत नाही.

कारखाना कायदा आणि गोदी कामगारांसाठी पुढे झालेला 1986 चा कायदा, दोन्ही आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत. गोदीच्या जुन्या नियमांत तुटलेल्या एका तारेने तपासणीची मुदत तीन महिन्यांवरून एका महिन्यावर येत असे. तीच कडक शिस्त लाँचरच्या प्रत्येक सरकण्याला हवी: ठेकेदाराच्या पगारावर नसलेल्या माणसाने आधार आणि बोल्ट तपासून सही केल्याशिवाय पुलाचा पुढचा भाग उचलायचा नाही, आणि खाली त्या वेळी कुणी उभे राहायचे नाही.