मराठी यादी संगणकावर उघडली की अक्षरं का बिघडतात? 'सेव्ह' करण्याआधी हे पाहा

बचत गटातल्या महिलांची नावं, शेतकऱ्यांचे गट नंबर, खाते क्रमांकांचा तक्ता अशी माहिती अनेकदा मोबाईलवर साध्या टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाईलमध्ये येते. मोबाईलवर ती नीट दिसते. तीच फाईल संगणकावर वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडली की नावांच्या जागी भलत्याच खुणा! मग 'फाईलच खराब आली' म्हणून ती परत मागवली जाते. खरं तर बहुतेक वेळा फाईल चांगली असते, संगणक ती चुकीची वाचतो.

नेमकं होतं काय?

संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांच्या रूपात साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. मोबाईलवर सहसा 'यूटीएफ-८' ही युनिकोडची पद्धत चालते. पण साध्या फाईलवर पद्धतीचं नाव लिहिलेलं असतंच असं नाही. मग उघडणारा प्रोग्राम अंदाज बांधतो.

यूटीएफ-८ मध्ये 'म' हे एक अक्षर ३ बाइटमध्ये साठवलं जातं. प्रोग्रामने जुनी इंग्रजी पद्धत धरली, तर प्रत्येक बाइट त्याला वेगळं अक्षर वाटतं. म्हणून एका 'म'च्या जागी ३ विचित्र खुणा दिसतात.

आकड्यांचा घोळ जास्त महागात

नावं बिघडली तर लगेच कळतं. आकडे मात्र गुपचूप बदलतात. सीएसव्ही फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली की सहसा असं होतं:

- खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळतात.
- १२ अंकी क्रमांक '१.२३ई+११' अशा रूपात दिसतो.
- एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच जपतं. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो.
- '१२/३' हा गट नंबर तारीख समजून '१२ मार्च' केला जातो.

अशी फाईल सेव्ह केली की मूळ आकडे त्या फाईलमधून जातात. खात्याचा एक अंक चुकला तरी पैसे अडकू शकतात.

उपाय काय?

१. अक्षरं बिघडलेली दिसली तर सेव्ह करू नका. फाईल तशीच बंद करा. मोबाईलवरची मूळ फाईल डिलीट करू नका.

२. वर्डमध्ये 'फाईल कन्व्हर्जन'ची चौकट आली तर 'अदर एन्कोडिंग'मधून 'युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. खाली नमुना दिसतो. मराठी वाचता आली की ओके करा.

३. एक्सेलमध्ये आधी कोरी फाईल उघडा. 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेऊन फाईल निवडा. 'फाईल ओरिजिन'मध्ये '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवा. 'डेटा टाईप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाईप्स' निवडून मगच लोड करा. मग आकडे जसेच्या तसे राहतात.

मोबाईलवरही इंग्रजी अक्षरांचीच गर्दी दिसत असेल, तर मजकूर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला असू शकतो. तिथे हे उपाय चालत नाहीत, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

यादी पुढे जाण्याआधी आपलं नाव वाचून थांबू नका. पासबुक शेजारी धरून खाते क्रमांकाचे अंक मोजा, पहिला आणि शेवटचा अंक जुळतो का ते बघा.