गिरणीतील मोटारगाड्या झाल्या राष्ट्रीय ठेवा

वस्तूची किंमत आणि तिचे मोल यांत अंतर असते, ही गोष्ट व्यापार-उदिमात वावरणाऱ्यांना नवी नाही. ताळेबंदात मत्ता म्हणून झळकणारी वस्तू अडचणीच्या वेळी रोकड होऊन हाती येईलच, याची शाश्वती नसते. उलट, धनकोंच्या दृष्टीने केवळ विक्रीयोग्य असलेली वस्तू समाजाच्या दृष्टीने अमोल ठेवा ठरू शकते. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील म्युलूझ शहरातील मोटार संग्रहालयाचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो. आज जगातील अग्रगण्य मोटार संग्रहालयांत त्याची गणना होते. परंतु त्याचा जन्म एका बंद पडलेल्या गिरणीत, थकलेल्या देण्यांच्या आणि कामगारांच्या संतापाच्या वातावरणात झाला.

वस्त्रनगरी म्युलूझ

म्युलूझची भरभराट कापडावर झाली आणि तिच्या मुळाशी भारताचा एक धागा आहे. भारतातून युरोपात जाणाऱ्या छापील सुती कापडाची तेथे मोठी मोहिनी होती. त्या कापडाला फ्रेंच लोक ‘इंदियेन’ म्हणत. त्याचे अनुकरण करणारा पहिला छपाई कारखाना म्युलूझमध्ये १७४६ साली निघाला. पुढे सूतगिरण्या, लोकरीच्या गिरण्या आणि यंत्रनिर्मितीचे कारखाने उभे राहिले व या शहराला ‘फ्रान्सचे मँचेस्टर’ म्हटले जाऊ लागले.

याच शहरात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या दोघा स्विस बंधूंनी लोकरीच्या उद्योगात मोठे नाव कमावले. १९५७ मध्ये त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेली लोकरीच्या सुताची एक जुनी गिरणी विकत घेतली. संग्रहालय उभे राहिले ते याच वास्तूत.

बुगाटीचे वेड

धाकटे बंधू फ्रिट्झ यांना मोटारींचे, त्यातही बुगाटी गाड्यांचे विलक्षण वेड होते. एत्तोरे बुगाटी हे मूळचे मिलानचे. परंतु त्यांनी १९०९ मध्ये आपला कारखाना म्युलूझ ज्या आल्सास प्रांतात आहे, तेथीलच मोल्सहाइम या गावी काढला. त्यामुळे फ्रिट्झ यांना बुगाटी ही आपल्याच मातीची कलाकृती वाटे. १९६० नंतर त्यांनी जगभरातून गाड्या जमविण्याचा सपाटा लावला. बुगाटीच्या कारखान्याकडे उरलेल्या गाड्याही त्यांनी घेतल्या. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एका संग्राहकाकडून तर तीस बुगाटी गाड्या एकगठ्ठा खरेदी करून त्या १९६४ मध्ये समुद्रापार आणविल्या.

या खरेदीतून ‘रोयाल’ जातीच्या दोन अस्सल गाड्या त्यांच्या हाती आल्या. सुमारे पावणेतेरा लिटर क्षमतेचे इंजिन असलेली ही गाडी राजेरजवाड्यांसाठी योजलेली होती. परंतु जागतिक मंदीच्या तडाख्यात ती एकूण अवघ्या सहाच तयार झाल्या आणि त्यांपैकी तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. त्यांतील ‘कूपे नेपोलियन’ ही एत्तोरे बुगाटी यांची स्वतःची गाडी.

गाड्यांच्या दुरुस्तीसाठी निष्णात कारागिरांचा ताफा गिरणीतच राबत होता. पॅरिसच्या ‘तिसरा अलेक्झांडर’ पुलावरील दिव्यांसारखे शेकडो दीपस्तंभ घडवून प्रशस्त दालनात उभारण्यात आले. हे संग्रहालय बंधूंनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण करण्याचे ठरविले होते. मात्र हे सारे काम पडद्याआड चालले होते. गिरणीत राबणाऱ्या बहुसंख्य कामगारांना भिंतीपलीकडे काय साठत आहे, याची नीट कल्पना नव्हती.

कामगारांचा ताबा

सत्तरच्या दशकात युरोपातील वस्त्रोद्योगाला उतरती कळा लागली. श्लुम्फ बंधूंच्या गिरण्याही डबघाईला आल्या, कामगारकपात सुरू झाली आणि १९७६ मध्ये संप भडकला. बंधू सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधील बाझल येथे निघून गेले. मार्च १९७७ मध्ये ‘सीएफडीटी’ या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्या बंद दालनात प्रवेश केला, तेव्हा चारशेंहून अधिक झळाळत्या मोटारी पाहून ते अवाक् झाले. एकीकडे शेकडो घरांतील चुली विझण्याची वेळ आली होती आणि दुसरीकडे दिव्यांच्या झगमगाटात गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. गिरणीचा पैसा या छंदात जिरला, असा कामगारांचा आरोप होता.

त्यांनी वास्तूचा ताबा घेतला, तिला ‘कामगारांचा कारखाना’ असे नाव दिले आणि दारे जनतेसाठी खुली केली. दोन वर्षे हा ताबा टिकला. या काळात लाखो लोकांनी संग्रह पाहिला. एक लहानशी गाडी कामगारांनी निषेधादाखल जाळली. बाकी संग्रह मात्र जपला. आपल्या थकलेल्या हक्कांचे तारण तेच आहे, हे ते जाणून होते.

अखंडतेचा निर्णय

आता खरा पेच उभा राहिला. धनकोंची देणी होती, कामगारांचे हक्क होते. गाड्या सुट्या करून जगभरच्या लिलावांत विकल्या असत्या, तर मोठी रक्कम उभी राहिली असती. पण संग्रह कायमचा विखुरला असता. १९७८ मध्ये फ्रान्सच्या राज्य परिषदेने या संग्रहाला ऐतिहासिक वारशाचे संरक्षण दिले. त्यामुळे तो फोडणे वा देशाबाहेर नेणे अशक्य झाले. साहजिकच त्याचे बाजारमूल्य घटले. परंतु त्याच निर्णयाने तो वाचला.

१९८१ मध्ये म्युलूझ शहर, जिल्हा व प्रांताच्या संस्था आणि मोटार क्षेत्रातील काही संस्था यांनी मिळून स्थापन केलेल्या मंडळाने हा संग्रह ४ कोटी ४० लाख फ्रँकना विकत घेतला. जुलै १९८२ मध्ये ‘राष्ट्रीय मोटार संग्रहालय’ म्हणून त्याचे रीतसर उद्घाटन झाले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या गिरणगावात ऐतिहासिक संप सुरू झाला होता, हे मराठी वाचकांना सहज आठवेल.

विस्तार आणि नवे रूप

संग्रह वाचला, तरी तो जिवंत ठेवण्याचा प्रश्न उरतोच. मूळ मांडणी एका संग्राहकाच्या नजरेची होती. दिव्यांखाली रांगेने उभ्या असलेल्या गाड्या जाणकाराला तृप्त करीत. पण शाळकरी मुलाला किंवा मोटारींची विशेष माहिती नसलेल्या कुटुंबाला शंभराव्या गाडीपाशी थकवा येई. शिवाय चामडे, रबर, लाकूड आणि पत्रा यांची निगा हा न संपणारा खर्च असतो. तो भागवायचा तर प्रेक्षकांनी वारंवार यायला हवे.

यासाठी १९९९ मध्ये मंडळाने मालकी आपल्याकडे ठेवून संचालन ‘कल्चरस्पेसेस’ या खासगी संस्थेकडे सोपविले आणि २००० मध्ये नव्या रूपातील संग्रहालय खुले झाले. मांडणीचे तीन भाग करण्यात आले : मोटारीच्या जन्मापासूनची वाटचाल, शर्यतीच्या गाड्या आणि कलाकृती म्हणाव्यात अशा निवडक गाड्या. १८७८ च्या वाफेच्या गाडीपासून सुरू होणारी ही वाटचाल प्रेक्षकाला कालक्रमाने पुढे नेते. श्राव्य मार्गदर्शक, चित्रफिती आणि प्रत्यक्ष हाताळण्याजोगी साधने यांची जोड मिळाली. २००६ मध्ये नवे प्रवेशदालन उभारले गेले. दर्शनी भागावर अधांतरी टांगल्यासारख्या मोटारींच्या आकृती येणाऱ्याचे लक्ष वेधून घेतात. पुढील काही वर्षांत आवारात धावपट्टीही तयार झाली आणि जुन्या गाड्या चालताना पाहण्याची सोय झाली.

या आधुनिकीकरणात एक संयम पाळला गेला. गिरणीचे विस्तीर्ण दालन आणि ते शेकडो दीपस्तंभ जसेच्या तसे राहिले. नव्या सोयी आल्या, पण वास्तूची ओळख पुसली गेली नाही.

श्लुम्फ बंधूंनी जमविलेली संपत्ती त्यांच्या गिरण्यांना तारू शकली नाही, कारण ती अडकून पडलेली होती. चालू उद्योगाला खेळते भांडवल लागते. कितीही मौल्यवान असली तरी दालनात उभी असलेली गाडी पगाराच्या दिवशी कामी येत नाही. ज्यांची रोजीरोटी बुडाली, त्यांच्या नोकऱ्या संग्रहालयामुळे परत आल्या नाहीत, हेही विसरून चालणार नाही. मात्र त्यांनी उघडलेली दारे पुन्हा कायमची बंद झाली नाहीत. एका कुटुंबाने कुलूपबंद ठेवलेला संग्रह आज तिकीट काढून कोणालाही पाहता येतो, याचे श्रेय नूतनीकरण करणाऱ्यांइतकेच त्या कामगारांनाही द्यावे लागेल.