दोन चुलींचं घर

जलालपूर हे नाशिकजवळचं गाव. तिथल्या गोखल्यांच्या घरात सोवळ्याचा कडकपणा कोणत्या थराला गेला होता, हे त्या घरच्या मुलीनेच पुढे लिहून ठेवलं आहे. बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. विटाळाची धास्ती वडिलांच्या मनात अशी बसलेली की घरातल्या बायकामाणसांचा निम्मा दिवस धुण्यापुसण्यात जाई. या घरात 1868 साली जन्मलेली मनकर्णिका अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न करून लक्ष्मीबाई टिळक झाली. तिच्याच नवऱ्याने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासात धर्मांतराच्या तारखा बारकाईने नोंदलेल्या आहेत. त्या तारखेनंतर माणूस घरातल्यांशी कसा वागला, याची नोंद मात्र कमी सापडते. खरं मोल तिथेच कळतं. जो आपल्या मागोमाग आला नाही त्याच्याशी कसं वागायचं, हा प्रश्न त्या काळी रोज दोन वेळा, थेट पानावर, समोर यायचा.

टिळकांच्या आधी काही वर्षं हाच प्रश्न पंडिता रमाबाईंसमोर आला होता. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, पण मान तुकवली नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती संस्कृतात हवी होती. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. संस्था चालवणारी बाई ख्रिस्ती आणि शिकणाऱ्या बहुतेक मुली ब्राह्मण विधवा. या मुलींना आपापला आचार पाळायची पूर्ण मोकळीक होती आणि प्रार्थनेला बसण्याची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतः मात्र खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत. ज्या मुलीला यावंसं वाटे, ती येऊन बसे.

या उघड्या दारावरूनच पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही, कारण काही मुलींचा ओढा खरोखरच ख्रिस्ताकडे होता. पण त्याच वर्षी, 11 मार्चलाच, सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचं, गोदूबाई जोशींचं, धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. रमाबाईंनी त्यांना चार वर्षं शिकवलं, सांभाळलं आणि हिंदू म्हणूनच आनंदाने सासरी पाठवलं. याच गोदूबाई पुढे बाया कर्वे म्हणून हिंगण्याच्या आश्रमासाठी पैसा उभा करत दारोदार हिंडल्या.

 पुढे पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला, रमाबाईंनी शेतजमीन घेतली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या आणि त्यातून मुक्ती सदन वाढलं. एकोणिसावं शतक सरलं तेव्हा तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. मुली माग चालवत, तेल गाळत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुली ब्रेल शिकत, आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हे वेगळं घर होतं. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनातली जुनी तटस्थता तिथे उरली नव्हती, हे प्रांजळपणे मान्य करायला हवं.

टिळकांच्या घरी गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. ताटातूट झाली. पंढरपूरला बहिणीच्या आधाराने त्या राहिल्या. टिळक पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. काही वर्षांनी त्या अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या, पण आपलं पाणी, आपली चूल आणि आपलं सोवळं बरोबर घेऊनच. अमेरिकन मराठी मिशनच्या नगरमध्ये, ख्रिस्ती शिक्षकाच्या बायकोने सोवळ्यात स्वयंपाक करायचा आणि नवऱ्याला त्याला शिवू द्यायचं नाही! टिळक तापट होते, घायकुते होते. तरी या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. आजच्या वाचकाला हे साधं वाटेल. पण बायकोने नवऱ्याच्या मागून निमूट चालावं, असं दोन्ही समाज सर्रास मानत होते त्या काळातली ही गोष्ट आहे.

जातिभेद देवाचा नाही, माणसाने केलेला आहे, या निर्णयापर्यंत लक्ष्मीबाई स्वतः विचार करत पोचल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या घराला दार असं राहिलंच नाही. प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजारी मुलांची शुश्रूषा केली. अनाथ पोरं घरात आली, ती त्यांचीच झाली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि पाहुण्यांना वेळकाळ नसे. विश्वासाची ही बाजू प्रवचनांत येत नाही. ती मोठ्या पातेल्यात, पुरवून वाढलेल्या आमटीत असते, आणि तिचा भार बहुतेक वेळा बाईच उचलते.

1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. ख्रिस्ती घरात हा ब्राह्मण मुलगा राहिला, वाढला, कविता लिहीत गेला, आणि बाप्तिस्म्याशिवायच राहिला. दोघा नवरा-बायकोंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. वय जेमतेम सत्तावीस.

त्याच्या आदल्या वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. मिशनच्या चौकटीत ती मावणारी नव्हती. पण तिचं मूळ शोधायला दूर जावं लागत नाही. नगरच्या घरात, दोन चुलींच्या त्या वर्षांत, टिळक हेच जगत होते.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभलं होतं, पण थोडेच अध्याय लिहून झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहायला बसल्या. त्याच्या जोडीला त्यांच्या आठवणींचं लेखन, ‘स्मृतिचित्रे’, चालू होतं. त्याचा पहिला भाग 1934 साली निघाला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या, आणि ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात मुलाने, देवदत्तांनी, छापलं. त्यातले बहुतेक अध्याय, एके काळी नवऱ्याला आपल्या चुलीला शिवू न देणाऱ्या या बाईच्या हातचे आहेत.