आधी पोलिसांना कळवा



मी सेवेत नवी असताना मोहोपाड्याजवळच्या वाडीवरची एक कातकरी मुलगी शिबिरानंतर माझ्याकडे आली. एका सेवकाविषयी ती अर्धेच बोलली. "आपण प्रार्थना करू," एवढेच मी म्हणाले. ती पुन्हा शिबिराला आली नाही. यंदा तिला शोधून मी क्षमा मागितली. तक्रार करायची की नाही, हे ती ठरवील. मी तिच्यासोबत ठाण्यात जाईन.

आपल्या तरुण संघातही "आधी कमिटीत मिटवू" असे अजून म्हणतात. मत्तय 18 चा दाखलाही देतात. पण एकांतात समजावणे हे भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. लहानांना अडखळवणाऱ्याला प्रभूने जात्याच्या तळीचा इशारा दिला, तोही त्याच अध्यायात.

कायदाही स्पष्ट आहे. पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे सर्वांना बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद; संस्थाप्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा लपवल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलाचा जबाब घरीही घेतात. तेव्हा पोलीस गणवेशात नसतात.

गोवंडीच्या शिवाजीनगरात 2015 साली चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. घरचे पोलिसांत गेले. डिसेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. इतर मंडळीकडे बोट दाखवायला हे लिहीत नाही. आपले दारही तपासायला हवे.

मूल बोलले तर ऐका, उलटतपासणी करू नका. 1098 लावा. प्रार्थना जरूर करा, पण कळवून झाल्यावर.