मुक्त स्रोत परिषदेत योगदानकर्त्याचे भाषण : महाड-पोलादपूरच्या नकाशाच्या संदर्भात

महाविद्यालयीन चर्चासत्रात शोधनिबंध वाचणे आणि मुक्त स्रोत संगणकप्रणालीच्या परिषदेत बोलणे या दोन गोष्टी वरकरणी सारख्या वाटतात. परंतु त्यांचा पाया वेगळा आहे. पहिल्या ठिकाणी पदवी, पद आणि संस्थेचे नाव वक्त्याच्या आधी पोहोचते. दुसऱ्या ठिकाणी मुख्यतः विचारले जाते ते हे, की या व्यक्तीने प्रकल्पात प्रत्यक्ष काय केले. केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद तेथे कोणालाही पाहता येते. प्रस्तुत लेखात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशाच्या आधारे अशा भाषणाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

२००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमातून घडतो. त्याची ‘स्टेट ऑफ द मॅप’ ही परिषद २००७ साली मँचेस्टर येथे प्रथम भरली. तिची आशियाई परिषद २०१८ साली बंगळूरला झाली. आज्ञावली लिहिणाऱ्यांप्रमाणेच भाषांतर करणारे व नकाशात नोंदी भरणारेही अशा व्यासपीठावरून बोलतात. आपल्याकडे मात्र हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय मानला जातो.

हा समज किती अपुरा आहे, ते महाड व पोलादपूर तालुक्यांच्या भूगोलावरून कळते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. बातम्यांत गावाचे नाव तळिये असे आले. दरडीखाली गेली ती त्या गावाची कोंढाळकरवाडी. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही त्याच सुमारास दरडी कोसळल्या. महाड परिसर पुराने वेढलेला असल्याने मदत पोहोचण्यास विलंब झाला. या डोंगराळ भागात महसुली गाव एक आणि त्याच्या वाड्या उतारावर दूरदूर विखुरलेल्या, अशी स्थिती सर्रास आढळते. उपग्रहचित्रात छपरे दिसतात, क्वचित पायवाटही दिसते. वाडीचे नाव दिसत नाही. २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते आखले, हे खरे. तथापि नाव सांगण्यास स्थानिक माणूसच लागतो. महाड-पोलादपूरचा विद्यार्थी किंवा भूगोलाचा अध्यापक वक्ता म्हणून उभा राहू शकतो तो याच बळावर.

परिषदेसाठी प्रस्ताव पाठवताना विषय नेमका असावा. ‘कोकणातील नकाशासाक्षरता : एक चिंतन’ यापेक्षा ‘एका महसुली गावाच्या सर्व वाड्या नकाशावर कशा आणल्या’ हा विषय निवडसमितीला अधिक बोलका वाटेल. नावे कोणाकडून पडताळली, रहिवाशांनी दोन नावे सांगितली तेव्हा कोणते नोंदवले, मराठी नाव देवनागरीत स्वतंत्रपणे कसे भरले, हे सांगावे. स्वामित्वहक्क असलेल्या नकाशावरून नावे उतरवून घेण्यास या प्रकल्पात मनाई आहे. म्हणून माहितीचा उगम सांगणे क्रमप्राप्त ठरते. राहिलेल्या त्रुटीही सांगाव्यात, कारण समोरचा श्रोता तिथल्या तिथे नकाशा उघडून पाहू शकतो. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द’ ही आपल्या चर्चासत्रांतील सोय येथे फारशी उपयोगी पडत नाही!

नवख्या वक्त्यासाठी अनेक परिषदांत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांचे सत्र असते. तेवढ्या वेळात एक वाडी दाखवता येते : आधीचा कोरा उतार, नंतर नोंदवलेली घरे, पाण्याची जागा आणि पावसाळ्यात बंद होणारी वाट.